दार लावून घेता येईल अशी खोली

सकाळी 7.15

पहिली भेट पडद्यावरची. तिकडे गिरगावातल्या एका चाळीची गच्ची, पाण्याच्या टाक्यांच्या आडोशाला बसलेली मुलगी, कानात इअरफोन. खाली दोन खोल्यांत पाच माणसं, म्हणून ती वर येते. कुणी कपडे वाळत घालायला आलं की ती ऑफिसचा फोन असल्यासारखं "हो, हो, पाठवते" म्हणते आणि मी गप्प बसते. दादर, परळ, गिरगावातली माणसं कुठून कुठून माझ्याशी बोलतात! पार्किंगमध्ये उभ्या गाडीत बसून, जिन्याच्या सर्वांत वरच्या टप्प्यावरून, ऑफिस सुटल्यावर रिकाम्या झालेल्या मीटिंग रूममधून. मुंबईच्या या भागात मनावरचा उपचार सुरू होतो तो दार लावून घेता येईल अशी जागा मिळाली की. गोळी आणि सल्ला त्यानंतर. समुपदेशक म्हणून माझं निम्मं काम ती जागा मिळवून देण्याचंच आहे, असं आता मला ठाम वाटतं.

(इथे भेटणारी माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून वय, पत्ता, घरची माणसं, सगळं अदलाबदल केलं आहे.)

या मुलीला लोकलमध्ये धडधडतं, हात गार पडतात, आता आपण जातो असं वाटतं. घरच्यांनी दोनदा रात्री हॉस्पिटलात नेलं, ईसीजी व्यवस्थित निघाला. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 मीच तपासून घ्यायला लावलं होतं. रक्तात काही कमी असेल आणि आपण बालपणाविषयी बोलत बसलो, तर तो माणसावर अन्याय आहे. हिचे रिपोर्ट नीट आले, तेव्हा कुठे आम्ही भीतीकडे वळलो. गेल्या आठवड्यात तिने चर्नी रोडला चढून मरीन लाइन्सला उतरायचं होतं. एकच स्टेशन. ती गेली, घामाघूम झाली, पण गेली. आता चर्चगेटपर्यंत.

"आणि मधेच सुरू झालं तर?"

"होऊ दे. उतरायचं नाही, मैत्रिणीला फोन लावायचा नाही, पाण्याची बाटलीसुद्धा काढायची नाही. धडधड वर जाते तशी आपोआप खालीही येते, हे तुझ्या शरीराला एकदा स्वतःहून कळू दे."

भीती गेली की गाडीत बसेन, असं ती वर्षभर म्हणत होती. भीती सोबत घेऊन बसायचं असतं. हे मी सांगून तिला पटणार नाही, ते तिला चर्चगेटच्या फलाटावरच पटेल.

सकाळी 9.30

दादर पश्चिमेला एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर माझी खोली आहे. घड्याळ समोरच्याच्या पाठीमागे लावलं आहे, म्हणजे वेळ बघायला मला मनगटाकडे नजर टाकावी लागत नाही. तिन्ही खुर्च्या एकाच उंचीच्या. टेबल भिंतीला लावलेलं, मधे काही नाही. दोन भेटींच्या मधे मी वीस मिनिटं मोकळी ठेवते आणि त्यात टिपणं लिहिते, पण खरं कारण वेगळं आहे. दादरमध्ये कुणीही कुणाच्या मावसबहिणीचा शेजारी निघतो. बाहेर पडणाऱ्याची आणि आत येणाऱ्याची गाठ पडू नये.

सकाळी 10

लालबागचे काका. मुलगा सोबत आला आहे आणि त्यांच्या आधी तोच बोलतो. "तीन महिने झाले, जेवत नाहीत, झोपत नाहीत, बाल्कनीत उभे राहतात नुसते." काका म्हणतात, "मला काही झालेलं नाही. ह्यांना उगाच काळजी." मी मुलाला बाहेर बसायला सांगते. त्याला ते आवडत नाही. दार लागतं.

पहिली दहा मिनिटं मी आजाराबद्दल काहीच विचारत नाही. कुठे राहता, पूर्वी कुठे होता, गाव कुठलं. काका देवगडचे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी गिरणीत बदली कामगार म्हणून लागले, कायम होण्याआधीच 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार होते त्या संपात. काकांची गिरणी पुन्हा नीट चालू झाली नाही. मग वॉचमनकी, मग एका छापखान्यात हरकाम्या. बायकोने जेवणाचे डबे करून घर ओढलं. हे सगळं ते सरळ आवाजात सांगतात. आवाज कापतो तो पुढच्या वाक्याला: चाळ पाडली, टॉवर झाला, आता बाविसाव्या मजल्यावर आहोत.

घर मोठं झालं, संडास घरात आला, नातवाला अभ्यासाला जागा झाली. हे सगळं चांगलंच आहे, आणि पुनर्विकासाला नावं ठेवणाऱ्यांनी आधी चाळीतल्या सामाईक संडासासमोरची सकाळची रांग आठवावी. पण काकांचा दिवस त्या लांब गॅलरीत घडत होता. सकाळी पेपर चौघांत फिरायचा, दुपारी कॅरम, संध्याकाळी भजनाची पेटी. कुणी दोन तास दिसलं नाही तर शेजारी दार ढकलून बघायचे. आता दार ऑटो-लॉकचं. मार्च चालू आहे, लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नाही, आणि काकूंना या वर्षी मिरच्या वाळवायला जागा नाही. मिरच्यांचं सांगताना काकांचे डोळे भरतात.

मग मी विचारते. हा प्रश्न मी कधी टाळत नाही आणि आडवळणाने विचारत नाही. "काका, जगणं नको असं मनात येतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं?"

बराच वेळ जातो. "बाल्कनीत उभं राहिलं की येतं."

असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, असा समज अजून सुशिक्षित घरांतही आहे. तसं होत नाही. उलट इतके दिवस एकट्याने धरून ठेवलेली गोष्ट दुसऱ्याच्या हाती देता येते. पुढचे प्रश्न त्याच आवाजात: कधी येतं, कितीदा, कसं करायचं ते ठरवलं आहे का, तेव्हा कशाने मागे फिरता. "नातू शाळेतून यायची वेळ झाली की आत येतो," काका म्हणतात. ते मी त्यांच्यासमोर कागदावर लिहिते. मग सांगते की इथलं बोलणं इथेच राहतं, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो तुमचा हक्क आहे, पण जिवाला धोका असला तर घरात एका माणसाला सांगावं लागतं. कुणाला सांगू, हे तुम्ही ठरवा. काका मुलाचं नाव घेत नाहीत. "हिला सांगा. ती घाबरणार नाही."

काकूंना फोन लावते. बाल्कनीच्या दाराला कुलूप, गोळ्यांचे डबे काकूंच्या कपाटात, रात्री काकांनी एकटं झोपायचं नाही, आणि 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत. तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. एक गोष्ट काकांसाठी: रोज पाचला लिफ्टने खाली उतरून जुन्या मंडळाच्या कट्ट्यावर अर्धा तास. मन नसलं तरी. नैराश्याच्या या आजारात मन होण्याची वाट पाहत बसलं तर ते होतच नाही. आधी पाय हलवावे लागतात.

पण एवढ्यावर भागणार नाही, हेही मी स्पष्ट सांगते. झोप गेली आहे, वजन उतरलं आहे, मरणाचा विचार आहे. इथे औषध हवं. उद्याच मानसोपचारतज्ज्ञांकडे.

दुपारी 12

केईएमच्या ओपीडीसाठी चिठ्ठी लिहायला घेते. परळचं हे रुग्णालय 1926 पासून उभं आहे आणि गिरणगावाने आपली दुखणी वर्षानुवर्षं तिथे नेली. नैराश्यासाठी केईएमला जा म्हटलं की माणसं बिचकतात, म्हणून मी त्यांना त्याच विभागाची एक गोष्ट सांगते. साठ-सत्तरच्या दशकांत तिथले मानसोपचार विभागाचे डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांचे सहकारी पतंजलीच्या योगसूत्रांतल्या कल्पना घेऊन चिंतेच्या आणि मनोकायिक आजारांच्या रुग्णांवर उपचार करत होते. आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान. नुसतं करून थांबले नाहीत, मोजमाप ठेवलं, आणि 1966 मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअॅट्रीत त्यावर लेख लिहिला. त्या विभागात शिकलेले डॉ. दिलीप जेस्ते पुढे 2012 मध्ये अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष झाले. शरीर, श्वास आणि मन एकत्र घेऊन उपचार करायचे, आणि ते खरंच लागू पडतात का हेही तपासायचं, ही दोन्ही कामं परळमध्ये तेव्हाच होत होती. आज 'होलिस्टिक' म्हणून काहीही विकलं जातं. स्फटिक, सुगंध, एका शिबिरात सगळी दुःखं नाहीशी. त्यात तपासण्याचा भाग नसतो. नैराश्याच्या रुग्णाला गोळ्या बंद करायला सांगणारी माणसं मला भेटतात, तेव्हा मला फार राग येतो आणि तो मी लपवत नाही.

दुपारी 1.15

डबा खाऊन मेट्रो. दादरहून गिरगावला पूर्वी या वेळी टॅक्सीत बसायचं म्हणजे पुढच्या माणसाला ताटकळत ठेवायचं. 2025 च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत जाते, त्यामुळे आता वेळेचा भरवसा आहे.

दुपारी 2.30

गिरगावात एका न्यासाने दिलेल्या खोलीत मी आठवड्यातले काही दिवस बसते. या भागात नवरा-बायकोंशी बोलायला बसलं की मला र. धों. कर्व्यांची आठवण होतेच. 1921 मध्ये त्यांनी गिरगावात संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र सुरू झालं होतं. म्हणजे या कामात गिरगाव लंडनच्या मागे नव्हतं. त्या कामापायी कर्व्यांना विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै 1927 पासून 1953 पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवलं. वाचक त्यात कुणालाही विचारता न येणारे प्रश्न विचारायचे आणि कर्वे सरळ, शास्त्रीय उत्तरं द्यायचे. त्यावरून खटले झाले; 1934 च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. त्या काळी जे प्रश्न पोस्टाने यायचे, ते आज माझ्यासमोर येऊन बसतात. ते फारसे बदललेले नाहीत.

आजचं जोडपं तिशीतलं. लग्नाला चार वर्षं, शरीरसंबंध झालेला नाही. घरात, नात्यात प्रत्येक समारंभाला "गोड बातमी कधी?" तिला स्पर्श सुरू झाला की अंग आवळतं, वेदना होते. त्याला वाटतं आपण तिला आवडत नाही. पहिल्या भेटीत दोघंही एकमेकांची माफी मागत होते. मी त्यांना आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. हा स्नायूंचा आवळ आहे, त्यावर उपाय आहेत, तो बरा होतो, हे डॉक्टरच्या तोंडून ऐकल्यावर ती बाहेर बाकावर बसून खूप रडली, असं त्याने मला सांगितलं.

झोपायची व्यवस्था अशी: आतल्या खोलीत सासू-सासरे, बाहेरच्या खोलीत हे दोघं, आणि संडासाला जायची वाट बाहेरच्या खोलीतून. कडी लावता येत नाही. चार वर्षं कडी न लावता झोपलेल्या बाईचं शरीर सैल का पडत नाही, हा प्रश्न मला पडत नाही.

शिमग्याला सासू-सासरे कोकणात गेले होते. आठवडाभर घर यांचं. तो आता मान खाली घालून सांगतो, "एवढी वाट पाहिली होती, मॅडम. पहिल्या रात्रीच प्रयत्न केला. काही झालं नाही. मग उरलेले दिवस आम्ही टीव्ही पाहिला."

"टीव्ही पाहताना कुठे बसला होता?"

दोघं एकमेकांकडे पाहतात. ती म्हणते, "ह्यांच्या मांडीवर डोकं ठेवून."

"आणि अंग आवळलं?"

"नाही."

मी त्यांना थोडा वेळ देते. मग आम्ही ठरवतो: पुढचे दोन महिने संबंधाचा प्रयत्न पूर्ण बंद. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी 1970 मध्ये मांडलेली ही रीत आहे. ध्येय काढून टाकायचं, फक्त स्पर्श ठेवायचा, पाठ, हात, केस, आणि ज्याला स्पर्श होतो आहे त्याने "थांब" म्हटलं की थांबायचं, रुसायचं नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ सासूबाई भजनी मंडळाला जातात, सासरे त्यांना सोडायला जातात. तेवढे दोन तास. आणि कडी? त्याने वडिलांशी बोलायचं. "मी?" तो दचकतो. हो, त्यानेच. आजवर घरातली प्रत्येक अवघड गोष्ट सुनेने सासूच्या कानावर घालायची, अशी रीत पडलेली. "बाबा, रात्री मधलं दार आम्ही लावून घेत जाऊ, तुम्ही दोनदा वाजवा", हे वाक्य तो माझ्यासमोर तीन वेळा म्हणून पाहतो. तिसऱ्यांदा ती हसते. पहिल्यांदाच हसताना पाहिलं मी तिला.

दुपारी 4.15

पुढची भेटही जोडप्याची म्हणूनच ठरली होती, पण माझा एक नियम आहे. दोघांना एकत्र बसवण्याआधी प्रत्येकाशी एकेकदा एकट्याने बोलायचं. आज ती एकटी आली आहे. मी विचारते, घरात तुम्हाला कशाची भीती वाटते का? इथे बोललेल्याचे घरी गेल्यावर परिणाम होतात का? ती पदर गळ्यापर्यंत ओढून घेते. मागच्या रविवारचं सांगते. त्याआधीचंही.

त्यांचं एकत्र समुपदेशन मी करणार नाही. नवऱ्याने फोनवर सांगितलं होतं, "आमचं जरा पटत नाही, तिला समजवा." जिथे एक माणूस दुसऱ्याला घाबरून आहे, तिथे दोघांना समोरासमोर बसवून "तुझं काय चुकलं, माझं काय चुकलं" करायला लावणं धोक्याचं आहे. ती इथे जे खरं बोलेल त्याची किंमत तिला घरी मोजावी लागेल. करुणा म्हणजे दोन्ही बाजूंशी सारखंच गोड वागणं, असं मानणाऱ्यांशी माझं इथे पटत नाही. मारहाण हा संवादाचा प्रश्न नाही.

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. आता तसे कक्ष राज्यभर आहेत. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो, घर तिच्या नावावर नसलं तरी. हे दोन्ही मी सांगते, पण तिला आज तक्रार करायची नाही, आणि ते ठरवण्याचा हक्क तिचा आहे. आम्ही पुढच्या आठवड्यापुरतं बघतो: आधार कार्ड आणि मुलांचे दाखले बहिणीकडे, थोडे पैसे वेगळे, शेजारणीशी ठरलेली खूण. नवऱ्याला काय सांगायचं तेही ठरतं: मॅडम म्हणाल्या, आधी माझं एकटीचं डोकेदुखीचं बघू. डोकेदुखी खरीच आहे.

संध्याकाळी 6

दादर. एका ज्येष्ठ सहकारी बाईंशी फोनवर बोलते. नावं न घेता दोन गोष्टी त्यांच्यापुढे ठेवते: काकांची चिठ्ठी पुरेशी स्पष्ट आहे का, आणि दुपारच्या बाईंच्या वेळी माझा आवाज नवऱ्यावरच्या रागाने तिच्याच अंगावर तर नाही गेला. ऐकणाऱ्याचंही कुणीतरी ऐकावं लागतं. जो समुपदेशक कुणालाच काही विचारत नाही, त्याच्याकडे मी माझ्या माणसांना पाठवणार नाही. मग चहा.

संध्याकाळी 7

हिंदू कॉलनीतलं जोडपं, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. त्याच्या आईला स्मृतिभ्रंश, हिची शाळेची नोकरी, फ्लॅटचे हप्ते. भांडण ठरलेल्या वाटेने जातं. ती बोलते, तो गप्प, ती आवाज चढवते, तो उठून खिडकीशी. जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून नाडी मोजत वर्षानुवर्षं अभ्यास केला. भांडताना ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की माणसाला ऐकूच येत नाही, आणि शांत व्हायला निदान वीस मिनिटं लागतात, असं त्यांना दिसलं. म्हणून आज मी त्याला मनगटावरच्या घड्याळात ठोके बघायला सांगते. एकशे चौदा. ती ते आकडे पाहते आणि थांबते. "मला वाटायचं ह्याला काहीच होत नाही."

वीस मिनिटं आम्ही तिघं आईंविषयीच बोलतो: रात्रपाळीला मदतनीस ठेवायचा खर्च, नणंदेने महिन्यातले किती दिवस घ्यायचे, आई भिंतीशी बोलतात तेव्हा त्यांना खोडून काढायचं की नाही. नणंदेला फोन कोण करणार यावर दोघं पुन्हा अडतात. शेवटी तो करेन म्हणतो, रविवारी, ती शेजारी बसलेली असताना. या दोघांना प्रेम कसं करावं हे शिकवायची गरज नाही. त्यांना झोप हवी आहे.

रात्री 8.20

टिपणं. फाइल कुलपात, पासवर्ड फक्त माझ्याकडे. फोनवर गच्चीवरच्या मुलीचा फोटो आला आहे: चर्चगेटचा इंडिकेटर, खाली मजकूर नाही. काकूंचा निरोप: बाल्कनीला कुलूप लावलं, हे पाचला खाली गेले होते, दहा मिनिटांत परत आले. मी लिहिते, दहा मिनिटं पुष्कळ झाली, उद्याही जाऊ दे.

मग मुलाचा. "बाबा केईएमला यायला तयार आहेत, पण म्हणतात आई बरोबर पाहिजे. आत तिला बसू देतील ना? नाहीतर ते ऐनवेळी नाही म्हणतील."

"डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा, बसू देतील. चिठ्ठीतही लिहिते. चालू गोळ्यांची पाकिटं, जुने रिपोर्ट आणि बाबांचा चष्मा घ्या. केसपेपरला रांग असते, घरातून सातला निघा. आणि टॅक्सीत तुम्ही पुढे बसा, त्या दोघांना मागे बसू द्या."